चौसष्ट माणसांचा जिल्हा: टेक्सासची लव्हिंग काउंटी

दूरपल्ला

नमस्कार मंडळी. इथे वाचनमात्र असतो बहुतेक, पण मागच्या आठवड्यात लहान गावांच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की "आमच्या गावात तीनशे माणसं उरली", तेव्हा म्हटलं आपण रोज जिथे जातो तिथलं सांगावंच.

मी मिडलंडला राहतो, पश्चिम टेक्सासमध्ये. काम तेलविहिरींवरच्या ऑटोमेशनचं, म्हणजे टाकीत किती तेल साठलं, प्रेशर किती, पंप चालू का बंद हे ऑफिसात बसून दिसलं पाहिजे त्याची सगळी जोडणी. त्यासाठी आठवड्यातले तीन-चार दिवस लव्हिंग काउंटीत असतो. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. क्षेत्रफळ साडेसतराशे चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर एकत्र केले तर त्याच्या जवळजवळ तिप्पट. आणि लोकसंख्या, २०२० च्या जनगणनेप्रमाणे, ६४. हजार वगैरे नाही. नुसते चौसष्ट. सत्तावीस चौरस किलोमीटरला एक माणूस पडतो. अख्ख्या अमेरिकेत याच्यापेक्षा कमी वस्तीची काउंटी नाही, हवाईमधली कालावाओ दुसरी येते, तिथे ८२.

गाव एकच, मेंटोन. तिथेच कोर्टहाऊस, १९३५ सालचं, विटांचं, आपल्या जुन्या पंचायत समितीच्या इमारतीएवढं असेल. एक जुनं लाकडी चर्च आहे जे १९१० ला दुसऱ्याच गावात बांधलेलं, ते गाव उठलं म्हणून उचलून इथे आणून ठेवलं. बँक नाही, दवाखाना नाही. डॉक्टर लागला तर दक्षिणेला पेकोस, चाळीसेक किलोमीटर.

आता गंमत अशी की या चौसष्ट माणसांच्या काउंटीतल्या गावातून सकाळी साडेपाचला स्टेट हायवे ३०२ वर गाडी काढायची म्हटलं तर डाव्या वळणाला दहा-दहा मिनिटं थांबायला लागतं. वाळूचे ट्रक, पाण्याचे टँकर, पाईपचे ट्रेलर, पांढऱ्या पिकअप, नुसती रांग. मी एकदा वळायची वाट बघता बघता मोजायला लागलो, चौसष्ट गाड्या जायला सहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. म्हणजे काउंटीची अख्खी लोकसंख्या माझ्यासमोरून सहा मिनिटांत गेली आणि त्यातलं एकही माणूस बहुतेक त्या चौसष्टातलं नव्हतं.

विचारा काय विचारायचंय ते.

चहाबाज

थांबा थांबा. ६४ लोकांसाठी वेगळा जिल्हा? आमच्या सोसायटीच्या बी विंगमध्ये जास्त माणसं आहेत आणि आम्हाला साधा वेगळा पाण्याचा मीटर मिळत नाहीये. हे कुणी मंजूर केलं?

दूरपल्ला

@चहाबाज, हाहा. मंजूर केलं तेव्हा तर याहून कमी होते. १८८७ मध्ये टॉम ग्रीन काउंटीचे तुकडे पाडले त्यात ही कागदावर तयार झाली, नाव दिलं ऑलिव्हर लव्हिंगचं. हा गुरांचे कळप हाकत उत्तरेला नेऊन विकणारा बडा आसामी, १८६७ ला पेकोस नदीकाठी कोमांचे टोळीच्या हल्ल्यात जखमी झाला आणि पुढे फोर्ट समनरला जखम चिघळून वारला. १८९० च्या जनगणनेत इथे माणसं किती, तर ३. टंकलेखनाची चूक नाही. तीन.

मग १८९३ मध्ये कालवा काढून शेती करू म्हणणारी एक कंपनी आली, त्यांनी अर्ज केला की आम्हाला आमचा कारभार आम्ही बघू द्या, आणि त्या अर्जावर दीडशे सह्या! तीन वर्षांपूर्वी जिथे तीन माणसं होती तिथे. निवडणूक झाली, अधिकारी झाले, आणि मग ते अधिकारी गाशा गुंडाळून पसार. १८९७ ला विधिमंडळाने सरळ काउंटीचा कारभारच बरखास्त केला आणि शेजारच्या रीव्हज काउंटीला जोडून टाकलं. पुढे तेल लागल्यावर १९३१ मध्ये परत उभी केली. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत, त्यात दोनदा स्थापन झालेली ही एकटीच.

आकडे क्रमाने टाकतो, बघा कसे वरखाली होतात: १९१० ला २४९, १९२० ला ८२, १९३० ला १९५, १९४० ला २८५ (जनगणनेत सापडलेला सगळ्यात मोठा आकडा हाच), १९५० ला २२७, १९७० ला १६४, १९८० ला ९१, १९९० ला १०७, २००० ला ६७, २०१० ला ८२ आणि २०२० ला ६४.

ह्यूस्टनची_काकू

अगं बाई, लव्हिंग काउंटी! आम्ही कार्ल्सबादच्या गुहा बघायला निघालो होतो तेव्हा पेकोसवरून वर २८५ नंबरच्या हायवेने गेलो. त्या रस्त्याला लोक 'मृत्यूचा रस्ता' म्हणतात ते नंतर कळलं, नाहीतर ह्यांना मी त्या रस्त्याला लागूच दिलं नसतं. दोन्हीकडून ट्रक, मध्ये आम्ही, आणि मागच्या सीटवर सासूबाई रामरक्षा म्हणताहेत. रात्री मुक्कामाला खोली बघितली तर एका साध्या मोटेलने, नाव नाही घेत, जो दर सांगितला त्यात ह्यूस्टनला स्विमिंग पूलवालं हॉटेल मिळालं असतं. आणि गादी अशी की मी ओढणी पसरून झोपले. वर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, आंटी, उद्या आलात तर हाही मिळणार नाही.

पण क्षितिजावर रात्री जिकडे तिकडे जाळ दिसत होते ते काय होतं? सासूबाई म्हणाल्या, होळी आहे का गं इथे.

दूरपल्ला

@काकू, ते फ्लेअर. तेलाबरोबर गॅस येतो, तो वाहून न्यायला पाईपलाईन पुरत नाही किंवा कुठलं तरी मशीन बंद पडलेलं असतं, तेव्हा वर नळीला पेटवून देतात. इकडच्या गॅसचा भाव ठरतो तो वाहा नावाच्या ठिकाणी, तिथे २०१९ मध्ये आणि परत २०२४ मध्ये तर भाव शून्याच्याही खाली गेला होता, म्हणजे गॅस नेणाऱ्याला तुम्हीच पैसे द्यायचे. सासूबाईंची होळी तशी चूक नाही.

आकडेमोड

या धाग्यावर मला बोलावंच लागणार. माझा धंदाच सर्व्हे आणि नमुना निवडीचा, आणि लव्हिंग काउंटी आमच्यात 'छोट्या आकड्यांचं काय करायचं' म्हणून उदाहरणाला घेतात.

आधी एक मजा. २०२० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत इथे मतं पडली ६६. जनगणनेत माणसं ६४, लहान पोरं धरून. यात लगेच घोटाळा घोटाळा ओरडू नका. तिथली बरीच कुटुंबं अशी आहेत की ज्यांची जमीन, गुरं, वडिलोपार्जित घर तिथे, पण पोरांच्या शाळेसाठी किंवा नोकरीसाठी राहतात दुसऱ्या शहरात. ते म्हणतात आमचं घर हेच, परत यायचा इरादा आहे, म्हणून मत इथेच. जनगणना विचारते, बाबा रे तू वर्षातला जास्त काळ झोपतोस कुठे? दोन प्रश्नांची दोन उत्तरं. मात्र त्या वादावरून तिथे वर्षानुवर्षं कोर्टकज्जे होतात हेही खरं, कारण चार मतांनी शेरीफ, म्हणजे काउंटीचा निवडून आलेला पोलीसप्रमुख, बदलतो.

दुसरं. २०१९ साठी सेन्ससवाल्यांचा स्वतःचाच अंदाज होता १६९. पुढच्याच वर्षी प्रत्यक्ष मोजणी केली तर ६४. शंभर माणसं गेली कुठे? कुठेच नाही, बहुधा ती कधी नव्हतीच. मधल्या वर्षांचे अंदाज जन्म, मृत्यू आणि टॅक्स रिटर्नवरचे पत्ते कुठून कुठे बदलले यावरून काढतात. मोठ्या शहरात हे बरोबर बसतं. इथे चार तेल कामगारांनी पत्ता म्हणून कॅम्पचा नंबर टाकला की लोकसंख्या पाच टक्क्यांनी वाढली!

तिसरं, खुद्द ६४ वरही फार हात मारून शपथ घेऊ नका. २०२० पासून माणसांची ओळख फुटू नये म्हणून आकड्यांत मुद्दाम थोडी सरमिसळ करतात. फक्त राज्याची एकूण लोकसंख्या जशी मोजली तशी ठेवतात, काउंटीपासून खाली सगळीकडे किंचित कमी-जास्त केलेलं असतं. काउंटी पातळीला ते अगदी किरकोळ असतं, आणि लाखात एखादं माणूस इकडेतिकडे झालं तर कुणाला पत्ता लागत नाही, पण इथे एक माणूस म्हणजे दीड टक्का.

आणि उत्पन्नाचं तर विचारूच नका. २००० च्या जनगणनेत काही निवडक घरांना जास्त प्रश्नांचा लांब फॉर्म होता, त्यावरून इथलं मध्यम घरगुती उत्पन्न ४०,००० डॉलर आलं होतं. एकूण घरं ३१. त्यातही नमुना. म्हणजे बरोबर मधल्या घरात त्या वर्षी कुणी निवृत्त झालं की 'काउंटीचं उत्पन्न घसरलं' अशी बातमी. हल्लीच्या पाच-पाच वर्षांच्या सर्व्हेत तर अंदाज एकीकडे आणि त्याच्या शेजारी तो किती कमी-जास्त चुकू शकतो तो आकडा, दोघांत मोठं कोण असा प्रश्न पडतो.

चहाबाज

म्हणजे ज्या आकड्यावर धागा काढलाय तोच पातळ. चालू द्या, मजा येतेय.

मालवणी_माणूस

माका विचारशात तर आमच्या सिंधुदुर्गाची गोष्ट पण अशीच आसा, फक्त शून्यं जास्त. २००१ मध्ये ८,६८,८२५ होतो, २०११ मध्ये ८,४९,६५१ झालो. रत्नागिरी पण कमी झाली. एकूण महाराष्ट्र वाढतोय आणि आम्ही उतरणीला. आणि रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, सिंधुदुर्गात १०३६, यावर भाषण ठोकायला येणारे म्हणतात वा वा कोकणात मुलींचा किती मान. अरे मान कसला, पुरुष सगळे मुंबईला, मोजणार कुणाला?

पण तुमच्याकडे उलटं दिसतंय. आमच्याकडे घर आहे, माणूस नाही. तुमच्याकडे माणूस आहे, घर नाही.

चतुर्थीला या कुडाळला. त्या पाच दिवसांत कुणी जनगणना केली तर आम्ही पुण्याला मागे टाकू.

दूरपल्ला

@मालवणी_माणूस, "माणूस आहे, घर नाही" हे एकदम बरोबर पकडलंत.

इथे कंपन्यांचे किंवा ठेकेदारांचे कॅम्प असतात, त्याला मॅन कॅम्प म्हणतात. सपाट केलेल्या माळावर डब्यांसारख्या खोल्यांच्या रांगा, मध्ये खडी, एक जेवणाचा हॉल, एक कपडे धुवायची खोली. खोलीत पलंग, छोटा फ्रिज, एसी. बाहेर दाराशी बूट काढून ठेवायचे, कारण त्या चिखलाला तेलाचा वास असतो आणि तो कार्पेटला लागला की पैसे कापतात. चौदा दिवस काम, सात दिवस घरी अशी पाळी. घर म्हणजे लुइझियाना, ओक्लाहोमा, नाहीतर सीमेपलीकडे मेक्सिकोत चिवावा. जनगणनेच्या हिशेबात हे सगळे आपापल्या घरचे. इथे ते शून्य.

रोज सकाळी आम्ही ज्यांच्याकडून नाश्ता घेतो त्या ताई ओडेसाहून येतात, ट्रकमधलं किचन घेऊन, सव्वाशे किलोमीटर, पहाटे तीनला निघतात. अंडं-बटाटा भरलेल्या टॉर्टिया फॉईलमध्ये गुंडाळून बर्फाच्या रिकाम्या खोक्यात रचून ठेवतात, त्यातच ऊब टिकते म्हणे. पावणेसहाला पहिलं खोकं संपलेलं असतं. मी एकदा विचारलं दिवसाला किती जातात, तर म्हणाल्या चांगल्या दिवशी तीनशे. चौसष्टाच्या काउंटीत तीनशे नाश्ते, तेही एका गाडीवर, आणि गाड्या तर पाच-सहा असतात.

ह्या ताईंची कमाई सगळी लव्हिंग काउंटीत, पण त्या ओडेसाच्या. माझं पण तेच.

शेतकरी_पोर

मुद्द्याचं सांगा, पैसा कुणाला जातो? आमच्याकडे शेताच्या कडेला पाईपलाईन गेली तर पिकाची नुकसानभरपाई घ्यायला तहसीलच्या पायऱ्या झिजल्या. तिकडे जमिनीखाली तेल लागलं तर शेतकऱ्याला काय मिळतं?

दूरपल्ला

@शेतकरी_पोर, हाच तर सगळ्यात मोठा फरक. आपल्याकडे जमीन तुमची पण खालचं तेल सरकारचं. टेक्सासवर आधी स्पेनचा आणि मग मेक्सिकोचा कायदा होता, त्यातही खनिज राजाचं. मग १८६६ च्या राज्यघटनेत त्यांनी ते सोडून दिलं, म्हणाले ज्याची जमीन त्याचंच खालचं. तिथून पुढे गंमत सुरू होते, कारण वरची जमीन आणि खालचं तेल हे वेगवेगळं विकता येतं. आजोबांनी १९३० च्या मंदीत रान विकताना खालचा हक्क स्वतःकडे ठेवला असेल तर आज वरचा माणूस गुरं चारतोय, त्याच्या गोठ्याला लागून विहीर पाडलीय, आणि रॉयल्टीचा चेक मात्र जातोय डॅलसमधल्या कुठल्या तरी नातवाला, ज्याने हे रान डोळ्यांनी पाहिलेलं पण नसेल. वरच्याला रस्त्याचे, जागेच्या वापराचे, पाण्याचे पैसे मिळतात, ते पण कमी नसतात. पण खालचे वेगळेच.

जुन्या करारांत रॉयल्टी आठवा हिस्सा असायची, आता चौथ्या हिश्शापर्यंत मागतात. मग त्या हिश्शाचे वारसांत वाटे. मी एका विहिरीची वाटणीची यादी पाहिली होती, दशांश चिन्हाच्या पुढे आठ आकडे! आपल्या सातबाऱ्यावरची इतर हक्काची नोंद बरी म्हणायची.

रान कसलं म्हणाल तर वाळू, खुरटं गवत आणि मेस्किट. मेस्किट म्हणजे आपल्या वेडी बाभळीची सख्खी चुलत बहीण, शेंगा, काटे, सगळं तेच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला सोलापूर-पंढरपूर रस्ता आठवला. पाऊस आपल्या माण-खटावपेक्षाही कमी.

ह्यूस्टनची_काकू

आणि काउंटीला काय मिळतं? एवढे ट्रक रस्ते फोडतात त्याचं काय?

दूरपल्ला

@काकू, टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्स नाही, सगळा भार प्रॉपर्टी टॅक्सवर. आणि विहिरीतून तेल यायला लागलं की ते जमिनीखालचं तेलसुद्धा प्रॉपर्टी धरतात, त्याची दरवर्षी किंमत ठरते, त्यावर कर. पूर्वी इथे साध्या उभ्या विहिरी होत्या, तेल कमी कमी होत चाललेलं, म्हणून तर वस्ती ६७ वर आली होती. मग आडवं ड्रिलिंग आलं. तीन किलोमीटर खाली जायचं, तिथून वळून आणखी तीन किलोमीटर आडवं, आणि वाळू-पाण्याच्या दाबाने खडक फोडायचा. ह्या खोऱ्याला डेलावेअर बेसिन म्हणतात, पर्मियन या मोठ्या तेलखोऱ्याचा पश्चिम भाग, आणि लव्हिंग त्याच्या ऐन मध्यात. करपात्र मालमत्ता अब्जावधी डॉलरच्या घरात गेली. माणसं तेवढीच.

म्हणजे काउंटीकडे पैसा उदंड पण खर्च करायला माणूस नाही. आणि माणूस नसला तरी पदं सगळी भरायचीच, कारण टेक्सासची घटना सगळ्या काउंट्यांना एकच साचा लावते. ह्यूस्टनच्या तुमच्या हॅरिस काउंटीत २०२० ला ४७ लाख लोक, तिथे एक काउंटी जज आणि चार कमिशनर. इथे चौसष्ट लोक, इथे पण एक काउंटी जज आणि चार कमिशनर. वर शेरीफ, क्लार्क, खजिनदार, आणखी कोण कोण. पोरंबाळं आणि म्हातारी माणसं वजा केली तर उरलेल्यांपैकी बरेच जण एक तर पदावर असतात, नाहीतर पदावरच्याचे नातेवाईक. काउंटी जज म्हणजे काळा कोटवाला न्यायाधीश समजू नका, वकील असायची अटही नाही, तो साधारण जिल्हा परिषद अध्यक्ष अधिक तहसीलदार.

जाता जाता: टेक्सासमध्ये निवडून आलेली पहिली महिला शेरीफ याच काउंटीची. एडना रीड क्लेटन ड्युईस, १९४५. कधी बंदूक लावली नाही म्हणतात.

आकडेमोड

पैसा आणि मोजके मतदार म्हटल्यावर बाहेरच्यांचा डोळा असणारच. २००६ च्या सुमाराला लिबर्टेरियन विचारांच्या काही लोकांनी बेत केला होता की इथे जमीन घ्यायची, मतदार व्हायचं आणि निवडणुकीने काउंटीच ताब्यात घ्यायची. शेरीफने जमिनीचे कागद बघायला सुरुवात केली आणि बेत तिथेच बारगळला. १८९३ च्या दीडशे सह्यांची आठवण होते.

निवृत्त_मास्तर

मला शाळेचं सांगा. चौसष्टांत पोरं किती आणि ती शिकतात कुठे?

दूरपल्ला

@मास्तर, मेंटोनची शाळा १९७२ मध्ये बंद झाली, तेव्हा पटावर दोन पोरं उरली होती म्हणतात. तेव्हापासून ही पोरं बसने शेजारच्या विंकलर काउंटीत, विंक गावाला जातात, पन्नासेक किलोमीटर. शाळेचा कारभार एकत्र, विंक-लव्हिंग नावाने. हे विंक म्हणजे गायक रॉय ऑर्बिसन जिथे वाढला ते. दुसरी प्रसिद्धी म्हणजे तिथे १९८० मध्ये आणि परत २००२ मध्ये जमीन खचून प्रचंड खड्डे पडले, खाली मीठ विरघळल्यामुळे.

शाळेकडेही तेलाचा कर येतो. पण १९९३ पासून टेक्सासमध्ये नियम आहे की श्रीमंत मालमत्तेच्या शाळांनी जादा पैसा राज्याकडे द्यायचा, तो गरीब शाळांना जातो. लोक त्याला रॉबिन हूड योजना म्हणतात. ही शाळा देणाऱ्यांत. तरी जे उरतं त्यात इमारत अशी की आपलं कॉलेज लाजेल.

निवृत्त_मास्तर

धन्यवाद. वीस पटाच्या आतल्या शाळांचं आमच्याकडे काय चाललंय ते इथे लिहीत नाही, धागा भरकटेल. फक्त एवढंच, पन्नास किलोमीटरला बस पाठवणारी यंत्रणा असेल तर शाळा बंद करा, नाहीतर पोरी सातवीनंतर घरी बसतात हे मी पाहिलंय.

चहाबाज

पाण्याचं काय? एवढं वाळवंट म्हणता.

दूरपल्ला

पेकोस नदी काउंटीच्या कडेने वाहते, पण खारट. वर रेड ब्लफ धरण आहे १९३६ चं, तेही तसंच. मेंटोनमध्ये कित्येक वर्षं प्यायचं पाणी टँकरने यायचं. टँकर म्हटल्यावर आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि विरोधाभास बघा, जमिनीतून तेलाच्या कितीतरी पट खारं पाणी वर येतं, एका पिंपाला तीन-चार पिंपं तर सहज. ते समुद्रापेक्षा खारट, कशाच्या उपयोगाचं नाही, म्हणून परत खोल विहिरीत दाबतात. त्या दाबाने जमीन हलायला लागलीय. मार्च २०२० मध्ये ५ रिश्टरचा आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५.४ चा भूकंप, दोन्ही मेंटोनच्या पश्चिमेला. दुसऱ्याच्या वेळी मी एका ट्रेलरमध्ये होतो, भिंतीवरची पांढरी हेल्मेटं एकसाथ टकटक वाजली आणि छातीवरचा एच२एसचा डिटेक्टर आपटून बोंबलायला लागला. भूकंपाला नाही, आम्ही सगळे त्या डिटेक्टरला घाबरून बाहेर पळालो. हा विषारी वायू १० पीपीएमला गेला की तो वाजतो, आणि तो वाजला की आधी वाऱ्याच्या आडव्या दिशेला पळायचं, चौकशी नंतर.

कोयता

धागा सकाळपासून वाचतोय. मी बीडचा, पाटोद्याकडचा. आईबाप ऊसतोडीला जायचे, आता मी पुण्यात नोकरीला आहे. ते कॅम्पचं वाचलं आणि काहीतरी सापडल्यासारखं झालं. आमच्याकडं पण दसरा झाला की गाव रिकामं, म्हातारी आणि बारकी पोरं तेवढी मागं, आणि तिकडं कारखान्यावर कोप्यांचं गाव उभं राहतं. पाचटाच्या कोप्या, हजार माणसाची वस्ती, नकाशात नाही. उचल मुकादमाकडून, राशन कुठलं, पोराची शाळा कुठली.

तर @आकडेमोड, आपल्याकडं मोजतात कसं? गावाकडं का फडावर?

आकडेमोड

@कोयता, चांगला प्रश्न. अमेरिकेत तारीख १ एप्रिल, आणि नियम 'जास्त काळ राहता तिथे'. आपल्याकडे २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी झाली. त्या वीस दिवसांत कधीही घरी असाल तर घरी मोजायचं. वीसच्या वीस दिवस बाहेर असाल तर जिथे सापडाल तिथे. म्हणजे कारखान्यावरची माणसं फडावर, त्या जिल्ह्यात मोजली जायला पाहिजेत. आता पुढची १ मार्च २०२७ च्या हिशेबाने, म्हणजे परत ऐन हंगामात. कागदावर नियम हा असा. फडावर मोजणारा पोचतो का, हा वेगळा विषय.

म्हणजे बघा, अमेरिकेचा नियम लावला तर ते गावचे, आपला लावला तर कारखान्याचे. आणि लव्हिंगला 'त्या दिवशी जिथे सापडाल तिथे' एवढाच नियम लावला तर चौसष्टाचे कित्येक हजार होतील.

मालवणी_माणूस

आणि आमची जनगणना चतुर्थीत ठेवा म्हणजे झालं.

दूरपल्ला

@आकडेमोड, २०२० ला लावला असता तर मात्र फसला असता. १ एप्रिल २०२० ला मी तिथेच कॅम्पवर होतो. करोना सुरू झालेला, तेलाचा भाव कोसळत होता, २० एप्रिलला तर उणे ३७ डॉलर झाला. रोज सकाळी हॉलमध्ये टेबलं कमी लागायची. दहा दिवसांत कॅम्पच्या चारपैकी तीन रांगा अंधारात. बर्फाचं मशीन तेवढं चालू, कुणी बंद करायला उरलं नव्हतं, रात्रभर बर्फ धडाधड पडत राहायचा आणि वितळून खडीत जायचा. मला पण मे महिन्यात घरी बसवलं, सात महिने. कंपनीचं नाव नको.

जनगणनेचा फॉर्म मी त्याच खोलीत बसून फोनवर भरला. पत्ता मिडलंडचा लिहिला. त्यात काही चूक नव्हतं, भाडं तिथलंच भरत होतो.

कोयता

दुपारी घरी फोन केला. आईला विचारलं २०११ ला आपल्याला कुठं मोजलं. तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, हां, कारखान्यावर एक मास्तर आला होता एकदा वही घेऊन, पण आम्ही फडात होतो, मुकादमानं सांगितली असतील नावं. मी म्हटलं, आणि मी? मी तेव्हा आजीकडं गावात होतो, सातवीला. तर म्हणाली, तुझं नाव त्याला ठावंच नव्हतं.